शीतगृहाच्या लवचीक वीजवापरातून उत्पन्न: नाशिकमध्ये आज काय शक्य आहे?

शीतगृहचालिका, पिंपळगाव बसवंत

नमस्कार. पिंपळगाव बसवंतजवळ आमचे द्राक्षांचे पॅकहाऊस आणि शीतगृह आहे. महावितरणची ११ केव्हीची उच्चदाब जोडणी असून करार मागणी, म्हणजे एका वेळी घेण्याचा ठरलेला कमाल भार, ४०० केव्हीए आहे. अमोनियावर चालणारे तीन कॉम्प्रेसर, प्री-कूलिंगच्या (साठवण्याआधी माल झटपट थंड करण्याच्या) सहा खोल्या आणि साठवणुकीच्या चार मोठ्या खोल्या असा पसारा आहे. जानेवारी ते एप्रिल या काळात निर्यातीच्या द्राक्षांमुळे यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालते. उरलेले महिने बेदाणा आणि डाळिंब ठेवण्यासाठी खोल्या भाड्याने देतो.

अलीकडे एका कंपनीचे प्रतिनिधी येऊन गेले. त्यांचा प्रस्ताव असा आहे की, ग्रिडवर ताण आला की त्यांच्याकडून संदेश येईल आणि आम्ही दोन तासांसाठी १५० किलोवॅट भार उतरवायचा. त्याचा मोबदला मिळेल आणि त्यातला ४० टक्के वाटा त्यांचा असेल. उपकरण ते विनामूल्य बसवून देणार आहेत. करार ५ वर्षांचा आहे आणि संदेश येऊनही भार उतरला नाही तर दंडाचे कलम आहे. माहितीपत्रकात अमेरिका आणि ब्रिटनमधील उद्योगांच्या कमाईची उदाहरणे दिली आहेत. महाराष्ट्रातील एकही नाही.

मला कल्पना मनापासून पटते. वीज साठवणे महाग असताना वापरच थोडा मागे-पुढे करता आला तर ते सर्वांच्या हिताचे आहे. परंतु आमच्या खोल्यांत असलेला माल शेतकऱ्यांचा आहे आणि त्यांची वर्षभराची मेहनत दोन अंशांच्या फरकाने वाया जाऊ शकते. म्हणून विचारते: हे पैसे मुळात येतात कुठून, आपल्या राज्यात आज ते मिळण्याची व्यवस्था आहे का, आणि शीतगृहातील नेमका कोणता भार सुरक्षितपणे उतरवता येतो? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

ऊर्जा लेखापरीक्षक, नाशिक रोड

ताई, आपला पहिला प्रश्नच सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

ग्रिडमध्ये प्रत्येक क्षणी निर्मिती आणि वापर यांचा मेळ बसावा लागतो. तो बसला आहे की नाही हे वारंवारितेवरून कळते. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ असते आणि ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवणे अपेक्षित आहे. पूर्वी हा मेळ बसवण्याचे काम जवळजवळ संपूर्णपणे वीज केंद्रांकडे होते: मागणी वाढली की कोळशाचे किंवा पाण्याचे संच वाढवायचे, घटली की कमी करायचे. आता दुपारी सौरवीज मुबलक असते आणि सूर्य मावळताना ती झपाट्याने नाहीशी होते, तर नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे सुरू होतात. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी २,५०,००० मेगावॅटपर्यंत गेली होती. अशा दिवसांत दुपारची गरज सौरवीज बरीचशी भागवते, खरी अडचण संध्याकाळी येते. वीज बाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून भाव ठरतो. उन्हाच्या तासांत तो बराच खाली येतो, आणि टंचाईच्या संध्याकाळी एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या युनिटमागे १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो.

वितरण कंपनीला त्या तासात महागडी वीज घ्यावी लागू नये म्हणून कोणीतरी वापर कमी केला, तर जो खर्च वाचतो त्यातूनच ग्राहकाला मोबदला देता येतो. याखेरीज पैशाचा दुसरा झरा नाही. म्हणून त्या प्रतिनिधींना सर्वप्रथम हे विचारावे की, मोबदला देणारी संस्था कोणती, तिच्याशी त्यांचा करार झाला आहे का, आणि तो पाहायला मिळेल का.

आता आपल्या राज्याची स्थिती. सर्वांत जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे वेळेनुसार वीजदर, अर्थात टीओडी. महाराष्ट्रात उच्चदाब उद्योगांना अनेक वर्षे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत होती. सकाळी ९ ते १२ या वेळेत ८० पैसे आणि संध्याकाळी ६ ते १० या वेळेत १ रुपया १० पैसे अधिभार होता. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सौर तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि व्यापारी व औद्योगिक ग्राहकांचा कमाल मागणीच्या तासांतील दर सामान्य दराच्या किमान १.२० पट असावा, असे ठरवले. त्यानंतर आपल्या राज्य आयोगाच्या आदेशातही सवलत रात्रीकडून दिवसाकडे सरकली आहे. या आदेशांवर फेरविचार आणि न्यायालयीन वाद झालेले असल्यामुळे नेमके तास आणि दर आपल्या चालू बिलावरूनच घ्यावेत.

दुसरा मार्ग वितरण कंपनीच्या स्वतःच्या योजनेचा. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०२४ मध्ये मागणीची लवचीकता आणि मागणी व्यवस्थापन यांसाठी विनियम केले असून वितरण कंपन्यांनी अशी लवचीक मागणी उभी करावी, अशी त्यांची दिशा आहे. मुंबईत टाटा पॉवरने २०२३ मध्ये ऑटोग्रिड या कंपनीबरोबर डिमांड रिस्पॉन्सचा, म्हणजे गरजेच्या वेळी ग्राहकांनी वापर कमी करण्याचा, मोठा कार्यक्रम जाहीर केला. पण आपण महावितरणचे ग्राहक आहोत, म्हणून आपल्याला महावितरणच्या योजनेतच सहभागी व्हावे लागेल. तिसरा मार्ग राष्ट्रीय ग्रिडला पूरक सेवा देण्याचा, म्हणजे तिची वारंवारिता सांभाळायला मदत करण्याचा. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी मागणी कमी-जास्त करू शकणाऱ्या ग्राहकांनाही तो खुला केला आहे, परंतु त्याच्या अटी एकट्या शीतगृहाला पेलणाऱ्या नाहीत.

माहितीपत्रकातील आकडे आकर्षक का वाटतात, हे एका हिशेबातून दाखवतो. आपला १५० किलोवॅटचा भार दोन तास उतरला तर ३०० युनिट होतात. वर्षातून दहा वेळा संदेश आला तर ३,००० युनिट. बाजारातील कमाल दर, म्हणजे १० रुपये, पूर्णपणे आपल्याला मिळाला असे मानले तरी वर्षाला ३०,००० रुपये, आणि कंपनीचा ४० टक्के वाटा वजा जाता १८,०००. याउलट तेच ३०० युनिट रोज संध्याकाळकडून दुपारकडे सरकवता आले आणि दोन दरांत समजा ३ रुपयांचा फरक असला, तर दिवसाला ९०० रुपये आणि पंचवीस दिवसांच्या महिन्याला २२,५०० रुपये वाचतात. त्यात कोणाचा वाटा नाही आणि दंडही नाही. अमेरिकेच्या पूर्व भागातील पीजेएम या ग्रिडमध्ये मात्र केवळ तयार राहण्याबद्दल पैसे मिळतात. तेथील २०२५-२६ च्या क्षमता लिलावात मेगावॅटमागे दिवसाला २६९.९२ डॉलर भाव निघाला; त्या दराने १५० किलोवॅटचे वर्षाला १४,७०० डॉलरहून अधिक होतात. त्याच्या आधीच्या वर्षी तोच भाव २८.९२ डॉलर होता. असा क्षमतेचा लिलाव आपल्याकडे नाही. तेथील उत्पन्नाचा आकडा येथे लावून दाखवणे म्हणजे ग्राहकाची दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ढलाई उद्योजक, अंबड

वरील हिशेबाशी मी पूर्ण सहमत आहे. अंबड-सातपूरच्या ज्या कारखान्यांत इंडक्शन भट्ट्या आहेत, त्यांच्यासाठी वीज हा कच्च्या मालाइतकाच मोठा खर्च आहे, कारण एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. त्यामुळे रात्रीच्या सवलतीसाठी वितळवणी रात्रपाळीत नेणे ही आमच्या धंद्यातली जुनीच रीत होती. सवलत दिवसा आली तशी पाळ्यांची पुन्हा मांडणी करावी लागते. कामगारांच्या दृष्टीने मला हा बदल चांगला वाटतो. वितळलेल्या धातूजवळचे काम दिवसाउजेडी झालेले केव्हाही बरे.

ताईंनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. भार उतरवण्यापेक्षा तो परत चढवताना नुकसान होण्याचा धोका अधिक असतो. दोन तास थांबलेली यंत्रणा पुन्हा सुरू झाली की सर्व काही एकदम ओढू लागते आणि त्या महिन्याची कमाल मागणी नेहमीपेक्षा वर जाऊ शकते. मागणी आकार त्या कमाल मागणीवर ठरतो, आणि आपल्याकडील बिलिंग मागणीच्या नियमात मागील अकरा महिन्यांतील सर्वोच्च मागणीचाही विचार होतो. म्हणजे एका संध्याकाळच्या मोबदल्यापायी पुढचे अनेक महिने जादा मागणी आकार भरण्याची वेळ येऊ शकते. करार मागणी ओलांडली तर दंड वेगळा. आमच्याकडे मागणी नियंत्रक बसवलेला आहे. तो ठरावीक मर्यादेच्या वर दुसरी भट्टी चढू देत नाही. प्रस्तावातील उपकरणात ही सोय आहे का, हे जरूर तपासावे. लोड फॅक्टरची सवलत मिळत असेल तर तीही हिशेबात धरावी, कारण ती एकसारख्या वापराला बक्षीस देते आणि हा प्रस्ताव नेमके उलट करायला सांगतो.

प्रशीतन अभियंता, ओझर

शीतगृहाचा सगळा भार एकाच मापाने मोजता येत नाही, म्हणून खोल्यांप्रमाणे लिहितो.

प्री-कूलिंगला हात लावू नये. शेतातून आलेल्या द्राक्षांतील उष्णता सहा ते आठ तासांत काढून गराचे तापमान ४ अंशांच्या खाली आणावे लागते. मध्ये दोन तास खंड पडला तर देठ सुकतात, हिरवेपणा जातो, आणि युरोपच्या बाजारात देठाचा रंग पाहूनच मालाची प्रत ठरते. शिवाय थंड झालेल्या घडांवर उबदार हवा फिरली की मण्यांवर दव धरते. त्या ओलाव्यावर करड्या बुरशीचे फावते आणि पेटीतील गंधकाच्या पॅडमधून वायू एकदम सुटून मण्यांवर पांढुरके डाग पडतात. हे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. ते पेटी रॉटरडॅमला उघडल्यावर दिसते, आणि तेव्हा बोलण्यासारखे काही उरलेले नसते.

साठवणुकीच्या खोल्यांचे गणित वेगळे आहे. १०० टन द्राक्षांचे तापमान १ अंशाने वाढायला सुमारे ३६० मेगाजूल, म्हणजे १०० युनिट इतकी उष्णता लागते. भिंती, दार, दिवे आणि फळांचे श्वसन मिळून खोलीत समजा २० किलोवॅट उष्णता येत असेल, तर दोन तासांत ४० युनिट होतात. ती सर्व मालात सारखी पसरली तर तापमान ०.४ अंशाने वाढेल. प्रत्यक्षात ती सारखी पसरत नाही. हवा आधी तापते, मग दाराजवळच्या आणि वरच्या थरातील पेट्या. म्हणून पंखे पूर्ण बंद न करता कमी वेगाने चालू ठेवावेत, दार त्या काळात उघडू नये, आणि निर्णय हवेच्या नव्हे तर पेटीत खुपसलेल्या संवेदकाच्या तापमानावर घ्यावा. संदेश आला तरी गराचे तापमान ठरलेल्या मर्यादेवर असेल तर यंत्रणेने आपोआप नकार दिला पाहिजे. हा नकाराचा अधिकार चालकाच्या हातात असावा, कंपनीच्या संगणकात नव्हे.

आधीच खोली अधिक थंड करून ठेवावी असा सल्ला काहीजण देतात. गोठवलेल्या मालाच्या उणे १८ अंशांच्या खोलीत तो उत्तम चालतो; तेथे उणे २२ पर्यंत जाऊन संध्याकाळी यंत्रणा थांबवता येते. द्राक्षांत मात्र वाव फारच थोडा, कारण साठवण शून्याच्या आसपास असते आणि मणी साधारण उणे २ अंशांजवळ गोठू लागतो. शिवाय बाष्पीकरणाचे तापमान जितके खाली न्यावे तितका कॉम्प्रेसर जास्त वीज खातो. प्रत्येक अंशामागे २ ते ४ टक्क्यांचा फरक पडतो.

सहज सरकवता येण्याजोग्या गोष्टीही आहेत: डिफ्रॉस्टिंगची (थंड नळ्यांवर साचलेला बर्फ वितळवण्याची) वेळ, बॅटरीवरच्या फोर्कलिफ्टचे चार्जिंग, बोअरवेल आणि टाकीचे पंप, पेट्या धुण्याचे गरम पाणी. मोठी गुंतवणूक करायचीच असेल तर दुपारी बर्फ किंवा थंड ग्लायकॉल साठवून संध्याकाळी वापरणारी टाकी हा खरा उपाय आहे. एक टन बर्फ वितळताना सुमारे २६ टन-तास (शीतकरण मोजण्याचे एकक) एवढा थंडावा देतो. पण ती टाकी टीओडीच्या रोजच्या फरकावर परवडते का, हे आधी पाहावे. अधूनमधून येणाऱ्या संदेशांच्या भरवशावर ती उभारू नये.

शीतगृहचालिका, पिंपळगाव बसवंत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपण लिहिल्यानंतर मीटरमधील भाराची नोंद काढून घेतली. हंगामात संध्याकाळी ५ ते १० या वेळेत आमचा भार २८० किलोवॅटच्या आसपास असतो, परंतु त्यातील फार मोठा भाग प्री-कूलिंगचा आहे. तोडणी सकाळी होते, दुपारपर्यंत निवड आणि पॅकिंग चालते, आणि माल थंड करायला संध्याकाळीच खोलीत जातो. म्हणजे ग्रिडला ज्या वेळी आमची लवचीकता हवी आहे, नेमके त्याच वेळी आमचे हात बांधलेले आहेत. साठवणुकीच्या खोल्या आणि इतर किरकोळ भार मिळून ५० ते ६० किलोवॅटच उतरवता येतील असे दिसते. मे महिन्यानंतर तर एकूण भारच ९० किलोवॅटच्या खाली येतो. मग १५० कुठून उतरवणार?

हे त्या प्रतिनिधींना दूरध्वनीवर सांगितले. त्यांचे म्हणणे असे की, काळजीचे कारण नाही, “बेसलाइन” हंगामातील भारावरून ठरेल. या वाक्याचा अर्थ मला नीटसा कळला नाही.

माजी ॲग्रीगेटर कर्मचारी, गंगापूर रोड

मी काही वर्षे ब्रिटनमध्ये ॲग्रीगेटरकडे, म्हणजे अनेक ग्राहकांचा लवचीक भार एकत्र करून विकणाऱ्या कंपनीत, काम केले आहे, म्हणून बेसलाइनविषयी लिहितो.

आपण किती वीज वापरली हे मीटर सांगतो. संदेश आला नसता तर किती वापरली असती, हे कोणताही मीटर सांगू शकत नाही. ते अंदाजानेच ठरवावे लागते आणि त्या अंदाजाला बेसलाइन म्हणतात. कॅलिफोर्नियात त्यासाठी आधीच्या दहा समान दिवसांच्या त्याच तासांची सरासरी घेण्याची पद्धत आहे आणि त्या दिवशीच्या प्रत्यक्ष वापरानुसार तिच्यात थोडी दुरुस्ती करतात. मोबदला म्हणजे बेसलाइन वजा प्रत्यक्ष वापर. आता हंगामातील भार वर्षभराची बेसलाइन म्हणून धरला, तर ऑगस्टमध्ये काहीही न करता आपण २०० किलोवॅट “उतरवले” असे कागदोपत्री दिसेल. कोणताही जबाबदार खरेदीदार ते मान्य करणार नाही, आणि त्याने नंतर पडताळणी केली तर वसुली आपल्याकडून होईल. अमेरिकेतील मेन राज्यात काही कागद कारखान्यांनी बेसलाइन मोजण्याच्या दिवसांत स्वतःचा वीजसंच मुद्दाम कमी चालवून ग्रिडवरचा भार फुगवून दाखवला होता. तेथील केंद्रीय नियामकाने त्यांच्यावर मोठ्या दंडाची कारवाई केली. बेसलाइन कशी ठरेल हे करारात सूत्रासह लिहिलेले नसेल तर सही करू नये.

दंडाच्या कलमाबाबतही तसेच. मी पाहिलेल्या चांगल्या करारांत ग्राहक हंगामाप्रमाणे, काही ठिकाणी तर आठवड्याप्रमाणे, आपली उपलब्ध क्षमता जाहीर करीत असे. फेब्रुवारीत ५० आणि जुलैमध्ये २० किलोवॅट जाहीर केले तर तेवढीच जबाबदारी. भार उतरला नाही तर त्या वेळचा मोबदला मिळत नसे. खिशातून दंड भरण्याचा धोका ॲग्रीगेटर स्वतः उचलत असे, कारण त्याच्याकडे अनेक ग्राहक असतात आणि एक कमी पडला तर दुसऱ्याकडून भरून काढता येते. धोका ग्राहकाचाच असेल तर ४० टक्के वाटा कशाबद्दल, हा प्रश्न रास्त आहे.

या कामाचा मला अजूनही अभिमान वाटतो, म्हणून त्याची चांगली बाजूही सांगतो. ब्रिटनमध्ये रस्त्यांसाठी डांबर गरम ठेवणाऱ्या टाक्या ग्रिडची वारंवारिता सांभाळण्यासाठी वापरल्या गेल्या. टाकी इतकी मोठी आणि आवरण इतके जाड असते की काही मिनिटे हीटर बंद राहिला तरी डांबराला फरक पडत नाही, आणि बंद-चालू करण्याचे काम यंत्र स्वतः करते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तेथील ग्रिडचालकाने घरे आणि व्यवसाय यांच्यासाठी स्वतंत्र सेवा सुरू केली. १६ लाख ग्राहक सहभागी झाले आणि एकूण ३,३०० मेगावॅट-तासांहून अधिक वापर ताणाच्या वेळेतून हलवला गेला. चाचण्यांसाठी पुरवठादारांना युनिटमागे ३ पौंडांचा हमी दर होता. युक्रेन युद्धानंतर वायूचे भाव भडकले होते, म्हणून तो दर परवडला. तोही ताणाचाच भाव होता.

आपल्याकडील पूरक सेवांच्या अटींचा वर उल्लेख आला आहे. त्यांतील दुय्यम राखीव सेवेसाठी, म्हणजे ढळलेली वारंवारिता पूर्ववत आणणाऱ्या मदतीसाठी, किमान १ मेगावॅट प्रतिसाद लागतो. संकेत मिळाल्यापासून ३० सेकंदांत सुरुवात, १५ मिनिटांत पूर्ण क्षमता, आणि पुढे किमान ३० मिनिटे ती टिकवायची. ५० किलोवॅटची वीस शीतगृहे एकत्र आली तरच हा उंबरठा गाठतो. परंतु निफाड आणि दिंडोरीची सर्व शीतगृहे एकाच हंगामात, एकाच संध्याकाळी गजबजलेली असतात. त्यांचा समूह केला तर सगळे एकदमच “आज जमणार नाही” म्हणतील. वाइनरींच्या टाक्यांचे शीतकरण, पाणीपुरवठ्याचे पंप आणि अंबडच्या भट्ट्या अशा वेगवेगळ्या स्वभावाच्या भारांची मोट बांधली तरच ती भरवशाची होते. नाशिकमध्ये हे सर्व पाच-पन्नास किलोमीटरच्या परिसरात आहे, त्यामुळे असा समूह येथे उभा राहू शकतो असे मला ठामपणे वाटते.

द्राक्ष बागायतदार, निफाड

चर्चा उद्योजकांची आहे, तरी ज्यांचा माल त्या खोल्यांत असतो त्यांच्या वतीने दोन गोष्टी मांडतो.

खोलीचे तापमान मोबदल्यासाठी कमी-जास्त होणार असेल, तर त्याची नोंद शेतकऱ्याला पाहता आली पाहिजे आणि माल ठेवण्याच्या करारात ते आधी लिहिलेले असले पाहिजे. परदेशात पेटी नाकारली गेली तर दोष बागेतला की साठवणुकीतला, हा वाद नेहमीच शेतकऱ्याच्या अंगावर येतो. तापमानाची अखंड नोंद असेल तर निदान सत्य काय ते कळेल.

दुसरी गोष्ट अशी की, वापराची वेळ ग्रिडच्या सोयीने बदलणे आम्हाला नवे नाही. शेतीपंपांना तीन फेजची वीज ठरावीक तासच मिळते आणि त्यात रात्रीच्या पाळ्या असतात. आमच्या तालुक्यात बिबट्याचा वावर आहे. अशा रानात मध्यरात्री बागेला पाणी द्यायला जाणारा शेतकरी ग्रिडलाच मदत करीत असतो, पण त्याला कोणी मोबदला देत नाही. सौर कृषी वाहिनीमुळे दिवसा वीज मिळू लागली तेथे हा त्रास कमी झाला, ही मोठी गोष्ट आहे. लवचीकतेला किंमत आहे हे आता मान्य होत असेल, तर पंपांच्या लवचीकतेचाही हिशेब व्हावा.

ऊर्जा लेखापरीक्षक, नाशिक रोड

बागायतदार दादांचा दुसरा मुद्दा धोरणाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. आयोगाच्या जनसुनावणीत तो लेखी स्वरूपात जायला हवा. तेथे उद्योगांच्या संघटना हजर असतात, शेतकऱ्यांच्या बाजूने आकडेवारीसह मांडणी फार कमी वेळा होते.

ताईंसाठी आणखी एक सूचना. १५० किलोवॅटचा आकडा गाठण्यासाठी “संदेश आला की डिझेल जनित्र चालवा” असे सुचवले जाण्याची शक्यता आहे, कारण प्रत्येक शीतगृहात ते असतेच. डिझेलच्या विजेचा खर्च बाजारातील १० रुपयांच्या कमाल दराच्या दुपटीहून अधिक पडतो, त्यामुळे त्यात नफा नाही, आणि धूर गावाच्या वाट्याला येतो. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. २००६ मध्ये पुण्यातील उद्योगांनी स्वतःचे वीजसंच चालवून ग्रिडवरील भार हलका केला आणि शहराचे भारनियमन टळले. जादा खर्च आयोगाच्या मंजुरीने शहरातील ग्राहकांकडून वेगळा आकार घेऊन भागवला गेला. तीव्र टंचाईच्या त्या काळात तो मार्ग समर्थनीय होता आणि उद्योग, वितरण कंपनी व नागरिक एकत्र येऊ शकतात हे त्याने दाखवून दिले. आज आपण बोलतो आहोत ते वापर खरोखर हलवण्याविषयी, विजेचा उगम बदलण्याविषयी नाही.

माझ्या मते आपण सध्या करार न करता एक पूर्ण हंगाम स्वतः मोजणी करावी. साठवणुकीच्या खोल्या, प्री-कूलिंग आणि पंप यांना वेगवेगळे उपमीटर लावले तर कोणता भार किती वेळ थांबू शकतो हे आकड्यांत कळेल. तोपर्यंत डिफ्रॉस्टिंग, चार्जिंग आणि पंप दुपारी न्यावेत. त्याचा फायदा पहिल्याच बिलात दिसू लागेल. महावितरणची योजना येईल तेव्हा आपल्या हातात स्वतःची नोंद असेल आणि बेसलाइनचा वाद तिच्या आधारे करता येईल.

शीतगृहचालिका, पिंपळगाव बसवंत

उपमीटर बसवण्याचे काम या महिन्यातच करून घेते. पंप आणि फोर्कलिफ्टच्या चार्जिंगची वेळ आजपासून बदलली आहे. कंपनीला लेखी कळवले आहे की, मोबदला देणाऱ्या संस्थेशी झालेला त्यांचा करार, बेसलाइनचे सूत्र, हंगामाप्रमाणे क्षमता जाहीर करण्याची मुभा आणि गराच्या तापमानावर आधारित नकाराचा अधिकार, या चार गोष्टींचे उत्तर आल्याशिवाय पुढे बोलता येणार नाही. बागायतदार दादांनी सुचवल्याप्रमाणे तापमानाची नोंद शेतकऱ्यांना मोबाइलवर दिसेल अशी व्यवस्था मी या प्रस्तावाशी न जोडता, स्वतंत्रपणे करणार आहे.

दिंडोरी, मोहाडी किंवा ओझर परिसरातील कोणाची संध्याकाळच्या भाराची तासागणिक नोंद उपलब्ध असेल आणि ती येथे देण्याची तयारी असेल, तर कृपया द्यावी. वेगवेगळ्या स्वभावाचे भार एकत्र आले तर किती किलोवॅट रोज हमखास मिळतील, ते मांडून पाहायचे आहे.

ढलाई उद्योजक, अंबड

आमच्या दोन भट्ट्यांची गेल्या वर्षाची नोंद उद्या देतो. संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत एक भट्टी रिकामी ठेवता येते, मात्र ते आदल्या दिवशी कळले पाहिजे; ओतकामासाठी साचे तयार झाले असतील तर त्या दिवशी आम्हाला थांबता येणार नाही, हे आपल्या मांडणीत जरूर धरावे.